आवाज वाढवला की अँप बंद पडायचा

सेकंडहँड गाडीत आवाज वाढवला की अँपचा (अँप्लिफायरचा) प्रोटेक्टचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडल्याचा, लाल दिवा लागायचा आणि बास गायब. मोनो (एकाच चॅनेलचा) अँप, 2 ओहमपेक्षा कमी भार न झेपणारा; सबवूफर (बासचे स्पीकर) दोन, प्रत्येकात 4 ओहमच्या दोन कॉइल (तारेच्या गुंडाळ्या). आधीच्या जोडणीत चारही कॉइल पॅरलल (सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र), म्हणजे भार 1 ओहमचा. ओहम जितके कमी, तितका करंट जास्त. एवढा करंट तो देणार कुठून?

प्रत्येक सबवूफरच्या कॉइल सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) घेतल्या: एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. झाले 8 ओहम. मग दोन्ही सबवूफर पॅरलल, एकूण 4. अँपला वायर लावण्याआधी मल्टिमीटरने मोजाच. आकडा साडेतीनच्या आसपास दिसला तरी ठीक, मीटर फक्त डीसी रोध दाखवतो, तो स्पीकरवर लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमी असतो. 4 ओहमवर वॅट कमी मिळतात, पण बास आता न तुटता वाजतो.