फ्लूच्या न्यूमोनियातून उठल्यावर फुफ्फुसांची ताकद घरी कशी परत आणावी

आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला एक जण सांगतो, ‘पडून राहा’. दुसरा म्हणतो, ‘आता बरा झालास, फिर की जरा.’ दोन्हींनी नुकसान होतं. वायुकोशांतली, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांतली सूज ओसरायला महिने लागतात आणि अंथरुणात मांड्यांचे स्नायू झपाट्याने झडतात. म्हणून न्हाणीपर्यंत जाताना लागणारी धाप फुफ्फुसांइतकीच पायांचीही असते. साध्या न्यूमोनियात खोकला आणि दम सहा आठवड्यांत बराच कमी होतो, थकवा तीन महिने रेंगाळतो. व्हेंटिलेटर लागला असेल तर सहा महिने ते वर्ष धरून चाला.

आधी मोजा

ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा बोटावरचा चिमटा, लावण्यापूर्वी नेलपेंट काढा, गार बोटं चोळून ऊब आणा, हात टेबलावर ठेवा आणि आकडा मिनिटभर स्थिरावू द्या. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: बसल्या बसल्या 96 दिसतो आणि घर निर्धास्त होतं. तोच माणूस पॅसेजमध्ये चालला की आकडा 87 वर येऊ शकतो. म्हणून बसून एकदा मोजा, चालून थांबल्याबरोबर पुन्हा मोजा, आणि त्यानंतरही मिनिटभर आकड्यावर लक्ष ठेवा, कारण कधीकधी तो थांबल्यावरच घसरतो. चारने किंवा जास्त उतरला, किंवा 90 च्या खाली गेला, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना कळवा. काही मिनिटांत वर आला नाही तर थेट रुग्णालय गाठा. सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या आकसणारा जुनाट आजार) रुग्णांचा आकडा वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मग चाला

सुरुवात सपाट जागी पाच मिनिटांनी, दिवसातून दोन-तीनदा, सोबत कुणीतरी हवंच. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपतच वेग ठेवा. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं तर आदल्या आठवड्याच्या वेळेवर या. ती हार नाही. एक दिवसाआड खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठा-बसा, हळूहळू दहापर्यंत न्या. जिना चढताना पाऊल उचलतानाच श्वास सोडा.

श्वास

दम लागला की पुढे झुकून बसा. दोन मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा चार मोजेपर्यंत सोडा. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये (श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं साधन) अनेक जण फुंकतात. ते ओढायचं असतं. ओठ नळीवर घट्ट, ओढ संथ. तिन्ही चेंडू उसळवण्यापेक्षा एकच चेंडू तीन सेकंद वर धरणं चांगलं. चक्कर आली तर थांबा. कफ अडकला असेल तर खोकून जीव दमवू नका. तोंड उघडून आरशावर वाफ धरावी तसा ‘हाः’ करून श्वास बाहेर टाका. वाफाऱ्याने नाक मोकळं होतं, वायुकोशांपर्यंत तो पोहोचत नाही. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

घरात

स्नायू भरायला वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, त्यामुळे नुसत्या पेजेवर हे भागत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारा. मिरचीच्या फोडणीच्या वेळी रुग्णाला स्वयंपाकघरापासून लांब बसवा. ऑक्सिजन सुरू असेल तर गॅसची शेगडी, निरांजन, उदबत्ती किमान दहा फूट दूर ठेवा, आणि नाकाला व्हॅसलीन लावू नका.

तपासण्या

एक्स-रे साधारण सहा आठवड्यांनी. तीन महिन्यांनीही दम लागत असेल तर पीएफटीसोबत (फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी) डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो याची तपासणी) मागून घ्या: साधी स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची चाचणी) ठीक आली तरी फुफ्फुसातून रक्तात वायू कमी जात असू शकतो. स्टिरॉइड चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका. ताप उलटला, थुंकीत रक्त दिसलं किंवा एकच पोटरी सुजली तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा बोलण्यात भ्रम जाणवला तर 108 ला फोन करा.

2009 मध्ये पुण्यात थैमान घातलेला एच1एन1 (स्वाइन फ्लू) आता नेहमीच्या फ्लूसारखाच फिरतो, आणि महाराष्ट्रात पावसाळ्यात त्याचा जोर असतो. फ्लूची लस परिणाम करायला दोन आठवडे घेते, म्हणून ती दरवर्षी मे संपण्याआधी घ्या, घरातल्या सगळ्यांनी. न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची) लस वेगळी असते. ती कधी घ्यायची हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.