पेरोव्स्काइट नॅनोक्रिस्टलचा रंग हवा तिथे का येत नाही? या चुका टाळा

सीझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्स्काइटच्या नॅनोक्रिस्टलची, म्हणजे काही नॅनोमीटरच्या स्फटिकांची, पहिली बॅच जमली की अंधारात यूव्ही टॉर्च मारल्यावर ती व्हायल जी हिरवीगार पेटते ना, ते बघून कुणालाही वाटतं की आता काय, क्लोराइड घातलं की निळा, आयोडाइड घातलं की लाल, झालं काम. तसं ते खरंही आहे, 2015 साली झुरिकच्या कोव्हालेन्को ग्रुपने हॅलाइड (क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड) बदलून 410 ते 700 नॅनोमीटरपर्यंतचे रंग काढून दाखवले होते. पण नवीन मुलं अडकतात ती एकाच ठिकाणी, तराजूवर जे प्रमाण मोजलं तेच क्रिस्टलमध्ये गेलं असं धरून चालतात, आणि पीक (ज्या तरंगलांबीला चमक सगळ्यात जास्त ती जागा) जरा सरकला की वहीत थेट "कॉम्पोझिशन बदललं" असं लिहून टाकतात.

लेड क्लोराइडचंच बघा. ब्रोमाइड ऑक्टाडेसीनमध्ये ओलेइक अॅसिड आणि ओलेइलअमाइन घातलं की नीट विरघळतं, क्लोराइड तसं विरघळत नाही, त्याला ट्रायऑक्टिलफॉस्फीन लागतं आणि तापमानही जास्त ठेवावं लागतं. फ्लास्कच्या तळाशी पांढरा गाळ दिसत असताना सीझियम ओलिएट (सीझियम पुरवणारं द्रावण) मारलंत तर अर्धं क्लोराइड तिथेच बसून राहणार, मग निळा पीक 450 ऐवजी 480 ला आला म्हणून डोकं धरायचं कशाला, गाळ आधी बघायचा. आणि ते सीझियम ओलिएट! थंड झालं की साखळतं, 100 डिग्रीला परत गरम करून पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय सिरिंजमध्ये घेऊच नका, नाहीतर प्रत्येक वेळी सीझियम वेगळं जातं. सीझियम जास्त झालं किंवा अमाइन जास्त झालं तर वेगळाच फेज (वेगळ्या रचनेचा स्फटिक) बनतो, सीझियम चार, लेड एक, ब्रोमाइड सहा असा, तो 313 नॅनोमीटरच्या आसपास शोषतो आणि डोळ्याला पांढरट दिसतो. सोल्यूशन दुधाळ आणि चमक फिकी असेल तर अॅब्जॉर्प्शनमध्ये तिथे पीक आहे का ते आधी तपासा.

तापमानाचंही तेच. 140 ते 200 डिग्रीला क्यूब येतात, त्याच्या खूप खाली इंजेक्ट केलं तर पातळ प्लेटलेट येतात आणि निव्वळ ब्रोमाइड असूनही रंग निळा येतो, तीन थर जाडीचे असतील तर 460 च्या जवळपास. हा निळा साइजचा, क्लोराइडचा नाही. ब्रोमाइडमध्ये बोर व्यास (क्रिस्टल ज्याच्या जवळपास किंवा खाली गेला की साइजने रंग बदलतो तो आकार) साधारण 7 नॅनोमीटर, त्यामुळे 10 नॅनोमीटरच्या वरच्या क्यूबला साइजने फारसा फरक पडत नाही, पण 5 च्या क्यूबला चांगलाच पडतो. म्हणून नुसत्या पीकवर कॉम्पोझिशन सांगू नका, एक्सआरडीमध्ये (एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये) रेषा किती सरकल्या ते बघा, आणि ईडीएस (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजायची एक्स-रे पद्धत) करायचं तर नीट धुतलेल्या सॅम्पलवर करा, न धुतलेल्यात उरलेलं लेड हॅलाइड तुम्हाला खोटं प्रमाण दाखवणार.

आता माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा, फ्लोरोसन्स मोजणं. आमच्याकडे एकदा दोन बॅच होत्या, सारख्याच केलेल्या, एक 512 ला आणि एक 519 ला, दोन दिवस आम्ही प्रिकर्सर (सुरुवातीची रसायनं) बदलत बसलो. शेवटी दुसरी क्युव्हेट उजेडाकडे धरून बघितली तर चांगली गडद पिवळी, म्हणजे घट्ट सोल्यूशन! या क्रिस्टलचं शोषण आणि उत्सर्जन एकमेकांना इतकं चिकटून असतं की घट्ट सोल्यूशनमध्ये निळ्या बाजूचा प्रकाश क्रिस्टल स्वतःच परत गिळतात आणि पीक लाल बाजूला सरकल्यासारखा दिसतो. अॅब्जॉर्बन्स 0.1 च्या आत आणला आणि दोन्ही बॅच एकाच जागी आल्या. मात्र पातळ करताना कोरडं टोल्युइन किंवा हेक्सेन वापरा, आणि भरमसाट पातळ करू नका, लिगँड (क्रिस्टलला चिकटलेले ओलेइक अॅसिड, ओलेइलअमाइनचे रेणू) पृष्ठभागावरून सुटतात आणि चमक जाते. डायक्लोरोमिथेन तर नकोच, त्यात उजेड पडला की क्लोराइड आत शिरतं आणि तुमचा हिरवा हळूहळू निळा व्हायला लागतो.

अॅनायन एक्सचेंज, म्हणजे एका हॅलाइडच्या जागी दुसरं शिरणं, हे या मटेरियलचं सगळ्यात सुंदर अंग आहे हो, हिरव्या व्हायलमध्ये लेड आयोडाइडचं सोल्यूशन थेंबथेंब सोडा, टॉर्चखाली पिवळा, नारिंगी, लाल असा रंग सेकंदांत बदलत जातो. पण तेच अंगावरही येतं. निळ्या एलईडीवर पांढरा प्रकाश हवा म्हणून हिरवं आणि लाल सोल्यूशन एकत्र केलं तर आयन इकडून तिकडे जाऊन मधलाच एक रंग उरतो, ते वेगळे ठेवायचे तर आधी कोटिंग हवं. आणि क्लोराइडवरून थेट आयोडाइडला जाऊ नका, क्लोराइडचा आयन 181 पिकोमीटर त्रिज्येचा आणि आयोडाइडचा 220 चा, जाळी ते झेपवत नाही, ब्रोमाइडवरून जा.

धुताना अॅसिटोन, मिथेनॉल भसाभस ओतणारे मी दर पावसाळ्यात बघते, तेव्हा तर पुण्यात हवेतलंच पाणी पुरेसं असतं. पोलर सॉल्व्हंट लिगँड ओढून नेतो आणि आयोडाइडवाला लाल सॅम्पल पिवळा पडतो, तो पिवळा म्हणजे न चमकणारा डेल्टा फेज. मिथाइल अॅसिटेट वापरा, 2016 मध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या अभिषेक स्वर्णकरांनी अमेरिकेतल्या एनआरईएल या ऊर्जा प्रयोगशाळेच्या लोकांबरोबर त्यानेच धुऊन आयोडाइडचे काळे क्रिस्टल टिकवले आणि 10.77 टक्क्यांचा सोलर सेल केला. एकदाच धुवा, लगेच कोरड्या हेक्सेनमध्ये परत घ्या.

एवढं सगळं करूनही ब्रोमाइड-आयोडाइड मिश्रणाच्या फिल्मवर लेसर पडल्यावर पीक लाल बाजूला पळत असेल, तर ते उजेडाने हॅलाइड वेगळे होणं आहे, अंधारात ठेवलं की बरंचसं परत येतं. लेसर कमी पॉवरवर ठेवा आणि पहिल्या सेकंदाचा स्पेक्ट्रम वेगळा जपून ठेवा.