केळवणं न चुकवता उतरलेलं वजन

माझ्या लग्नाचा मुहूर्त माघातला, आणि तुळशीचं लग्न लागताच केळवणांचा सपाटा सुरू. मामी पुरणपोळीवर तुपाची धार धरणार, तिथे नाही म्हणायची सोय नाही. म्हणून केळवणं तशीच ठेवली आणि घरचं जेवण बदललं. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं, रात्री उसळ जास्त नि भाकरी एकच, चहा बिनसाखरेचा. तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, त्यामुळे फोडणीचं तेल बुधलीतून ओतणं बंद, चमच्याने मोजून. माझ्या मते खरा फरक त्यानेच पडला.

दंडांसाठी पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या, भिंतीला हात टेकून जोर, शिवाय बैठका. व्यायामाने नेमकी दंडाचीच चरबी झडत नाही, पण स्नायू भरले की दंड घट्ट दिसतो. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून घाई नाही. (उपाशी राहून बारीक झालेल्या मैत्रिणीचा चेहरा हळदीत पार ओढलेला दिसत होता.)

पैठणीचा ब्लाउज अगदी शेवटी शिवायला टाकला. शिंपीकाकांना म्हटलं, "काका, आत दोन्हीकडे माया ठेवा, अजून केळवणं बाकी आहेत." लागली नाही ती.