बोट-ट्रेलरच्या चाकात कोणतं ग्रीस भरावं

गाडीच्या चाकाचं बेअरिंग आणि बोटीच्या ट्रेलरचं बेअरिंग दिसायला सारखंच, पुष्कळदा नंबरही तोच. पण गाडीचं चाक पावसात भिजतं आणि ट्रेलरचं चाक समुद्रात बुडतं. पुण्याहून निघालेला ट्रेलर घाट उतरून मालवणला पोचतो तेव्हा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग ज्यात पुढचं आणि मागचं अशी दोन बेअरिंगं बसतात, चांगलाच तापलेला असतो, ड्रम ब्रेक असतील तर आणखीच. तसाच तो रॅम्पवरून पाण्यात ढकलला की हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या ओठावरून खारं पाणी आत ओढलं जातं. थेंब-दोन थेंबही पुरतात. तेव्हा ट्रेलरच्या ग्रीसने रस्त्यावर वंगण द्यायचं आणि उभ्या ट्रेलरमध्ये लोखंड गंजू द्यायचं नाही. गॅरेजमधलं नेहमीचं ग्रीस पहिलं काम बरं करतं, दुसऱ्यात मार खातं.

स्पेअरच्या दुकानात ‘चाकाचं ग्रीस द्या’ म्हटलं की हातात पडतं ते बहुधा एपी-थ्री किंवा एमपी-थ्री. हे साधं लिथियम ग्रीस. ट्रॉलीला, रिक्षाला उत्तम. त्यातला तीन हा आकडा घट्टपणाचा. एनएलजीआय या अमेरिकी ग्रीस-संस्थेच्या मोजपट्टीवर तीन नंबर दोन नंबरपेक्षा कडक असतो. ट्रेलरला दोन नंबर घ्या. निप्पलमधून, म्हणजे ग्रीस-गन लावायच्या तोंडातून, भरलेलं ग्रीस मागच्या बेअरिंगपर्यंत सरकायला हवं, आणि तीन नंबर तिथे जायला कुरकुरतं.

नंबरपेक्षा महत्त्वाचा आहे साबण, म्हणजे तेल धरून ठेवणारा घटक. स्वस्त, पिवळसर कॅल्शियम कप ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण १०० अंशांच्या आसपासच वितळतं. तापलेल्या हबमध्ये ते पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं. सोडियम ग्रीस उष्णता सोसतं, पण पाण्यात विरघळतं, त्याचा इथे विचारच नको. लिथियम कॉम्प्लेक्स २५० अंशांच्या आसपासपर्यंत वितळत नाही आणि पाण्यालाही बऱ्यापैकी टिकतं. पवना, मुळशीसारख्या गोड्या पाण्यात बोट सोडणाऱ्याला तेवढं पुरे.

खाऱ्या पाण्यासाठी मात्र कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्सच घ्यावं. त्याचा साबणच गंजरोधक असतो, वरून घातलेल्या रसायनावर त्याची भिस्त नसते. थोडं पाणी आत शिरलं तरी ते पचवतं आणि घट्टपणा फारसा सोडत नाही. किंमत जास्त पडते, पण दोन चाकांना वर्षाला पाव किलोच्या आसपास लागतं, त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही. मोटार स्पेअरवाल्याकडे नसेल तर कारखान्यांना वंगण पुरवणाऱ्याकडे विचारा, कारण स्टील आणि कागदाच्या गिरण्यांत हे ग्रीस चालतं. तिथे एकच खबरदारी घ्यायची. गिरण्यांसाठीच्या ग्रीसमध्ये तेल फार जाड असतं, ४० अंशांना ४६० सेंटिस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप) किंवा त्याहून वर. हायवेवर ताशी ७०-८० किलोमीटरने धावणाऱ्या ट्रेलरला १५० ते २२० च्या दरम्यानचं हवं.

डब्यावरचा ‘मरीन’ हा शब्द एकटा काहीच सिद्ध करत नाही. आउटबोर्ड इंजिनाच्या स्टिअरिंगला लावायचं ग्रीसही मरीनच असतं, आणि त्याला चाकाची उष्णता झेपेलच असं नाही. ‘व्हील बेअरिंग’ हे शब्द किंवा जीसी-एलबी हा शिक्का शोधा. त्यातलं जीसी चाकाच्या बेअरिंगसाठी आणि एलबी चॅसिससाठी. २०२१ पासून एनएलजीआयने एचपीएम हा नवा शिक्का आणला आहे. त्याच्यापुढे डब्ल्यूआर असेल तर पाण्याचा मारा आणि सीआर असेल तर खाऱ्या पाण्याचा गंज या चाचण्या ग्रीसने पार केल्या आहेत.

शिक्का नसेल तर कंपनीचं माहितीपत्रक मागवा आणि दोन ओळी वाचा. एक, एएसटीएम डी १२६४, म्हणजे ७९ अंशांच्या पाण्याच्या धारेखाली तासाभरात किती टक्के ग्रीस धुऊन गेलं. पाचच्या आत हवं, दोनच्या आत असेल तर उत्तम. मात्र चाचणी ३८ अंशांवर केली असेल तर आकडा आपोआप लहान दिसतो, तेव्हा तापमान बघा. दुसरी ओळ एम्कॉर गंज चाचणीची. ती साध्या पाण्यात केली की मिठाच्या, हे पत्रकात दिलेलं असतं. रंगावर जाऊ नका. लाल, निळा, हिरवा, सगळा रंग वरून घातलेला. काळं ग्रॅफाइट ग्रीस मात्र टाळाच, खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट स्टीलचा गंज वाढवतं.

पत्रक मिळालंच नाही तर घरी एक कच्ची परीक्षा करता येते. दोन नवे लोखंडी खिळे रॉकेलने पुसा, दोन ग्रीसांचा पातळ थर द्या आणि समुद्राच्या पाण्यात आठवडाभर लटकवून ठेवा. थर पुसल्यावर कुठला खिळा तांबूस झाला ते दिसेलच.

नवं ग्रीस जुन्यावर चढवू नका. लिथियमवर पॉलियुरिया किंवा क्ले (साबणाऐवजी दुसरा घटक असलेलं) ग्रीस पडलं तर दोन्ही मिळून ताकासारखी पातळ होऊ शकतात. सल्फोनेट आणि लिथियम कॉम्प्लेक्स बहुतेक वेळा जमतात, पण भरवसा नको. जात बदलायची तर हब पूर्ण उघडून धुवायचा.

हे काम करायचं मेमध्ये. पुष्कळ जण सप्टेंबरात, सीझन सुरू होताना ग्रीस बदलतात आणि तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. पावसाळ्यात ट्रेलर तीन महिने जागेवर उभा राहतो, आत शिरलेलं मीठ-पाणी रोलर आणि कपाच्या (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या) मधल्या फटीत बसून राहतं. असा हब उघडला की ग्रीस ताकावरच्या लोण्यासारखं पांढुरकं दिसतं, आणि ते पुसल्यावर कपाच्या आत बारीक तांबड्या रेषा, रोलरच्या अंतराने मोजून मारल्यासारख्या. नखाला रेष लागली तर बेअरिंग आणि कप दोन्ही बदला. पॉलिश पेपरने घासून ते वाचत नाही, दोनशे किलोमीटरवर घरघरायला लागतं.

चाकाचे नट जमिनीवरच सैल करून मग जॅक लावा, खाली ठोकळे द्या. डस्ट कॅप, स्प्लिट पिन, खाचेचा नट, वॉशर, पुढचं बेअरिंग या क्रमाने काढा. मागचं सील उचकटून फेका, ते पुन्हा वापरायचं नसतं. बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुऊन पूर्ण सुकवा. काँप्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका, कोरडे रोलर ओरखडतात आणि रोलर धरणारा पिंजरा फुटला तर डोळ्यावर येतो. सील ज्या जागी एक्सलवर बसतं तिथे बोट फिरवा. खोबण जाणवली तर नवं सीलही गळणार, तिथे स्लीव्ह, म्हणजे पातळ धातूची नळी, बसवून घ्या. सील दोन ओठांचं, आत स्प्रिंग असलेलं मागा.

भरताना तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर खाली दाबत खरवडा, रोलरच्या फटींतून वरच्या अरुंद कडेला ग्रीसच्या शेवया दिसेपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. नुसतं वरून चोपडलेलं बेअरिंग आतून कोरडंच राहतं. गाडीच्या हबमध्ये मधली पोकळी थोडी रिकामी ठेवतात. ट्रेलरची मात्र जवळपास भरून टाका, ग्रीस असेल तिथे पाण्याला जागा नाही. मध्यम हबला १०० ते १५० ग्रॅम जातं. सीलच्या ओठालाही बोटभर लावा, कोरडा ओठ पहिल्याच फेरीत जळतो.

नट आवळताना हब हाताने फिरवत राहा. सुमारे ६८ न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करा म्हणजे सगळं जागेवर बसतं, मग हब न फिरवता नट सैल करा आणि नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत आणा. खाच जुळत नसेल तर पुढे आवळण्याऐवजी किंचित मागे घ्या. स्प्लिट पिन नवीच.

डस्ट कॅपच्या जागी स्प्रिंगची टोपी असेल, जी आतलं ग्रीस हलक्या दाबाखाली ठेवते, तर ती फायद्याची, पण गनने अति भरू नका. टोपीतला दट्ट्या थोडा बाहेर सरकला की थांबा, नाहीतर मागचं सील उलटतं आणि ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर जातं. एक्सलच्या टोकाला निप्पल असेल तर चाक उचलून फिरवत, सावकाश भरा.

पहिल्या दहा किलोमीटरवर थांबा आणि हबवर हात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलेला आहे किंवा ब्रेक घासतोय. रॅम्पवर पोचल्यावरही हीच सवय ठेवा: हब हाताला गार लागेपर्यंत, अर्धा-पाऊण तास, ट्रेलर पाण्यात घालू नका. तेवढ्यात बोटीचे पट्टे सोडून होतात आणि चहाही.