बँड फेमस झाला म्हणून बिघडला का? हे असं तपासा

कॉलेजच्या गॅदरिंगला निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचं गाणं वाजलं आणि माझ्या दोस्तानं त्याच रात्री अख्खी प्लेलिस्ट डिलीट केली, म्हणाला गावभर झालं भावा, आता मजा गेली. हाच गडी मला रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसवून एक इअरफोन माझ्या कानात घालायचा आणि गाणं संपेपर्यंत बोलू द्यायचा नाही. मला लई वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

कोण बँडला कमर्शियल म्हणालं की आधी तारखा काढा, आणि अल्बम कधी आला ते बघू नका, गाणं रेकॉर्ड कधी झालं ते बघा. निर्वाणाचा नेव्हरमाइंड हा अल्बम सप्टेंबर १९९१ चा, जानेवारी १९९२ ला त्यानं अमेरिकेत मायकल जॅक्सनला एक नंबरवरनं खाली ओढलं, तिथनं सगळ्या जगाला नाव कळलं. पण त्यातलंच पॉली हे गाणं एप्रिल १९९० ला अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात रेकॉर्ड झालंय, तेव्हा हे लोक अजून सब पॉप या छोट्या कंपनीकडंच होते. हेडफोन लावून ऐका, मधेच झांजेवर मोजके टोले पडतात ना, ते जुना ड्रमर चॅड चॅनिंगचे, नंतरचा ड्रमर डेव्ह ग्रोहल तेव्हा बँडमध्ये आलाच नव्हता!

मग लगेच ब्लीचमधलं अबाउट अ गर्ल लावा. १९८९ चा अल्बम, रेकॉर्डिंगचा सगळा खर्च ६०० डॉलरच्या आसपास, आणि चाल बघा किती गोड आहे. म्हणजे गोडवा पैशाबरोबर आला हे काय पटत नाही.

बदललं काय तर मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज एकत्र बसवायचं काम. नेव्हरमाइंडला अँडी वॉलेसनं चकचकीत केलं, ते पुढं खुद्द बँडचा गायक कर्ट कोबेनलाच खटकायला लागलं, मग १९९३ ला इन यूटेरो या पुढच्या अल्बमच्या रेकॉर्डिंगसाठी स्टीव्ह अल्बिनीला घेतलं आणि आवाज परत खरबरीत झाला, तेही एवढं नाव झाल्यावर.

मिसळीच्या दुकानाबाहेर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागल्या की आपण म्हणतोच, कट पहिल्यासारखा राहिला नाही. कधी खरं पण असतंय, पण आधी खाऊन तर बघा की.

आणि ज्यांना एकच हिट गाणं माहितेय त्यांनी तेवढ्यावरनं बँड ठरवू नये, अख्खा अल्बम ओळीनं ऐकावा, शफल बंद करून.

तीन अल्बम तीन दिवस घ्या, घाई नको. दोस्तानं परवा ब्लीचपासनं परत सुरू केलंय, नेव्हरमाइंडला अजून हात लावलेला नाही.