तळकोकणात खून घडवताना

रहस्यकादंबरी लिहायची, ती सिंधुदुर्गात घडवायची आणि तिच्यात देवचार-वेताळ अशी गावची राखणदार भुतंदैवतं आणायची, असं ठरवलेल्या नव्या लेखकांची हस्तलिखितं अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. पहिल्या पानावर पाऊस, दुसऱ्यावर गेलेली वीज, तिसऱ्यावर पिंपळाखाली मुंजा. पुढे दोनशे पानं त्या मुंजाला काही कामच नसतं. शेवटी इन्स्पेक्टर येऊन 'भूतबित काही नसतं' म्हणतो आणि लेखक सुटतो.

या प्रकारच्या लेखनात बरीच वर्षं घालवल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. लोकसमजूत वातावरणासाठी वापरू नका, तिला कथानकात कामाला लावा. कोण कुठल्या वेळी कुठल्या वाटेने जाणार नाही, कोण काय बघूनही बोलणार नाही, कुठली बातमी किती दिवस दाबली जाईल, हे सगळं गावाच्या समजुती ठरवतात. तपास करणाऱ्याला नेमकं हेच शोधायचं असतं.

समजा, मुंबईचा एक चाकरमानी चतुर्थीला गावी येतो आणि आदल्या रात्री बंद पडलेल्या चिरेखाणीत मरतो. भल्या पहाटे चुलतभावाला खाणीजवळ त्याची चप्पल आणि बॅटरी दिसते, पाण्यात अंग दिसतं. तो बोंब मारत नाही. कारण बोंब मारली की सगळ्या भावकीला सुतक. कुणाच्याच घरात गणपती बसणार नाही, आणलेली मूर्ती कुणाकडे द्यायची हा प्रश्न, गणपतीवरची माटवी, म्हणजे फळापानांची चौकट, बांधून झालेली, मुंबईहून पोरंबाळं आलेली. मग तो चप्पल उचलून मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, लपवतो आणि पाच दिवस आरत्या म्हणतो. विसर्जन झाल्यावर प्रेत 'सापडतं'. आता शवविच्छेदन करणारा डॉक्टर मृत्यूची एक वेळ सांगतो, भावकी दुसरीच सांगते आणि ज्याने खून केलाच नाही तोच सगळ्यात जास्त खोटं बोलतो. इथे भुताची गरजच पडली नाही. सुतकाने अर्धी कादंबरी चालवली.

आणि ती खाण. यंत्राच्या पात्याने जांभ्याचे चिरे कापून नेल्यावर उरलेला खड्डा तुम्ही जवळून पाहिला नसेल तर आधी जाऊन पाहा. भिंती सरळ उभ्या, कापल्याच्या रेघा स्पष्ट, कोपरे काटकोनात. मे महिन्यात तळाशी तांबडी धूळ आणि फुटके चिरे. गणपतीपर्यंत तोच खड्डा काठोकाठ भरतो, पाणी हिरवट दिसतं आणि भिंतींवर शेवाळ धरतं. आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही हाताला काही लागत नाही. गावात कुणीतरी म्हणणारच, गिऱ्ह्याने, म्हणजे पाण्यातल्या भुताने, ओढला. तुमच्या डॉक्टरला मात्र हाडातल्या मगजात डायटम मिळतात का हे बघायला सांगा. पाण्यातले हे सूक्ष्म जीव जिवंतपणी बुडालेल्याच्या शरीरात रक्तावाटे पोचतात, आणि खाणीच्या पाण्याचा नमुना घेतला तर दोन्हींची तुलना करता येते. पुरावा शंभर टक्के नसतो, हे तुमच्या बाजूचंच आहे.

भूगोल असाच घ्या, एकेका जागेचा. सडा (कातळाचं पठार), पाणंद (अरुंद वाट), गडगा (दगडी कुंपण), व्हाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), घरामागची न्हाणी. निसर्गवर्णनाचे परिच्छेद मी आता वाचतसुद्धा नाही. मला हवं असतं ते हे, की आषाढात साकव वाहून गेल्यावर पलीकडच्या वाडीत जायला किती मोठा वळसा पडतो, आणि संशयिताने तो वळसा घेतला असेल तर त्याच्या पायाला कुठला चिखल लागेल. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे पावलांचे ठसे सापडले असं लिहिलंत, तर सावंतवाडीचा वाचक पुस्तक मिटेल. एकच वाट मे महिन्यात आणि जुलैत चालून बघा. दोन वेगळे गाव आहेत ते.

आरवलीचा वेतोबा बहुतेकांना माहीत असतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या या देवाला चामड्याच्या मोठाल्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं? पण खऱ्या देवस्थानाच्या आवारात खून पाडू नका. तालुका खरा ठेवा, गाव आणि देव कल्पनेतला. चपला बनवणाऱ्या कारागिराला साक्षीदार करा. कातडं कुठल्या बाजूने झिजलं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

कायद्याकडे नवे लेखक कंटाळून बघतात. गावात मृत्यू झाला की आधी पोलीस पाटील येतो, मोठे साहेब नंतर. आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, मग पंच शोधावे लागतात, आणि पंच म्हणून कोण उभा राहतो व कोण टाळतो यात गावाचं सगळं राजकारण दिसतं. कादंबरी कुठल्या वर्षी घडते ते पक्कं करा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम 302 जाऊन 103 आलं, आणि अकस्मात मृत्यूची चौकशी जुन्या 174 ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 खाली होते. हत्यार हवं असेल तर शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका या भागात आहेत आणि निवडणुकीच्या काळात त्या पोलिसांकडे जमा करायचे आदेश निघतात. जमा न केलेली एक बंदूक प्रकरणभर पुरते.

हेतूसाठी फार लांब जायला नको. सातबारा काढा. सामाईक नावांची रांग, त्यातले निम्मे वारलेले, उरलेले बोरिवली-डोंबिवलीत. 1 एप्रिल 1957 च्या कृषिदिनाने कुळं मालक झाली, त्याचे रुसवे तिसऱ्या पिढीतही जिवंत सापडतात. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावाने सामाईक धरलेल्या जमिनींचा, प्रश्न तर वाचकाला मुळापासून समजावून सांगावा लागेल, पण कष्ट वाया जाणार नाहीत.

समजुती गोळा करताना 'तुमच्याकडे भुतं आहेत का' असं विचारलंत, तर लोक एकतर हसतील किंवा तुमच्यासाठी गोष्ट रचतील. त्यापेक्षा घरापुढच्या खळ्यात बसून विचारा, या पाणंदीतून दुपारचं कुणी का जात नाही? एका आजींनी मला एवढंच सांगितलं, 'तिनसांजेक तेचा नाव घेव नको,' आणि विषय विड्याच्या पानांवर नेला. त्या विषय बदलण्यातच संवाद कसा लिहायचा ते कळतं. देवापुढे गाऱ्हाणं घालताना हजर राहा, पण मोबाइल खिशात ठेवा. राखणदाराला कोण काय देतं, देवाचा निर्णय विचारणारा कौल कुणी लावला, कुणाच्या बाजूने पडला आणि कुणाचा चेहरा उतरला, इकडे लक्ष द्या. नरबळी आणि अघोरी विधी चवीसाठी घालायचा मोह आवरा. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा ज्यासाठी करावा लागला, ते प्रकार खऱ्या माणसांवर झालेले आहेत.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत, ही विभागणी मला जमते. संवादात टिपा लागत असतील तर वाक्यं लहान करा. 'मी खय बघलंय? मी घराकच होतंय' हे नागपूरलाही कळतं.

थेट चारशे पानांत उडी नको. याच गावातली एक दीर्घकथा आधी लिहून दिवाळी अंकाकडे पाठवा. संपादकांना मजकूर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हवा असतो, म्हणजे लेखन उन्हाळ्यात संपायला हवं. पाठवण्याआधी ती दोघांना वाचायला द्या, एक निवृत्त हवालदार आणि एक गावातलीच बाई. हवालदार पंचनाम्यावर बोट ठेवेल. बाई विचारेल, सुतक असताना त्या घरात पुरणपोळ्या कशा काय झाल्या?