काठावरचं पर्सेंटाइल आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म: या चुका टाळा

एमएचटी-सीईटीचा निकाल लागलाय, आणि हव्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजचा गेल्या वर्षीचा कटऑफ तुमच्या पर्सेंटाइलच्या किंचित वर नाहीतर किंचित खाली दिसतोय. आता कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. टॉपरने तो कसाही भरला तरी त्याचं निभावून जातं. काठावरच्याचं तसं नसतं. त्याची जागा बऱ्याचदा गुणांपेक्षा फॉर्ममुळे जाते.

मिळेल तेच वर लिहिणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक, आणि ती घरातली मोठी माणसंच करायला लावतात. "ते कॉलेज कुठलं मिळतंय, उगाच पहिला नंबर वाया घालवू नकोस." पण वाया काहीच जात नाही. जागावाटपात गुणवत्ता क्रमाने एकेक विद्यार्थी घेतला जातो, त्याची यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे जागा मिळेल तिथे थांबतात. एखादं कॉलेज तुम्ही पहिलं लिहिलं काय नि एकविसावं लिहिलं काय, तिथली जागा मिळण्याची शक्यता तेवढीच राहते. वरचे वीस पर्याय हुकले म्हणून कोणी दंड करत नाही.

उलट, 'सेफ' कॉलेज वर लिहिलं की अडकायला होतं. 2025 मध्ये कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पुढच्या फेरीचा दरवाजा बंद. नको असलेलं कॉलेज भीतीपोटी दुसऱ्या नंबरवर टाकलं असेल तर तेच पदरात पडतं. हे नियम बदलत असतात, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिका उघडून निदान तेवढं पान स्वतः वाचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या काकांवर विसंबू नका.

बेटरमेंटचंही, म्हणजे मिळालेली जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत आणखी चांगली मागण्याचंही, असंच. पुढच्या फेरीत नवी जागा मिळाली की हातातली जाते, 'दोन्हींतली बरी ठेवतो' म्हणता येत नाही. म्हणून त्या फेरीच्या फॉर्ममध्ये हातातल्या जागेपेक्षा खरोखर बरे वाटतात तेवढेच पर्याय लिहा. इथे मात्र लांबलचक यादी घात करते.

कटऑफचा भलताच रकाना वाचणं

नागपूरला बारावी केलेली मुलगी पुण्याच्या खाजगी कॉलेजच्या कटऑफ यादीतला जी-ओपन-एच (GOPENH) हा रकाना बघून खूश होते. तो रकाना तिचा नाहीच. 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आणि ती बारावी कुठून केली त्यावर ठरते. तिच्यासाठी 'ओ' चा, म्हणजे इतर विद्यापीठांतून आलेल्यांचा रकाना, आणि जिथे जागा राज्यस्तरीय आहेत तिथे 'एस' चा. शिवाय मुलींनी 'एल' (लेडीज) ने सुरू होणारे रकानेही बघायचे. पर्सेंटाइलसोबत गुणवत्ता क्रमांकही छापलेला असतो, तोही ताडून बघा. आणि फक्त पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून पर्याय खोडू नका. शेवटच्या फेरीची पीडीएफ उघडा, काठावरच्याचं खरं चित्र तिथे दिसतं.

कागद नंतर बघू म्हणणं

जात वैधता, नॉन-क्रीमी लेअर, ईडब्ल्यूएस यांपैकी काही हातात नसेल तर अर्ज केल्याच्या पावतीवर नोंदणी होऊ शकते. पण मूळ प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत आलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो आणि प्रवर्गातून मिळालेली जागा रद्द होते. नॉन-क्रीमी लेअरची मुदत प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतानाच्या, म्हणजे पुढच्या कॅलेंडर वर्षातल्या 31 मार्चपर्यंत लागते. थोरल्या भावंडाच्या वेळचं जुनं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही.

घाबरून मॅनेजमेंटची जागा घेणं

पहिल्या फेरीत नाव आलं नाही की एजंटांचे फोन सुरू होतात. पैसे भरण्याआधी एक हिशोब मांडा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या सवलतींना प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. संस्थास्तरावरच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या कोट्यात त्या मिळत नाहीत, म्हणजे चारही वर्षांची फी पूर्ण अंगावर. कॅपनंतर रिकाम्या राहिलेल्या जागा संस्था भरतात हे खरं, पण त्यासाठी त्या त्या कॉलेजात वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत तीन-चार दिवसांत निघून जाऊ शकते. हवं ते कॉलेज असेल तर रोज त्याची वेबसाइट बघा.

जेईई मेन दिली असेल तर तो स्कोअरही नोंदणीत भरा, खाजगी कॉलेजांतल्या ऑल इंडिया जागांसाठी महाराष्ट्रातल्या मुलांचाही विचार होतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचे, कोड फॉर्ममध्ये वेगळे लिहावे लागतात, ते आपोआप धरले जात नाहीत. त्यांचा कटऑफ सहसा चढा असतो, म्हणून त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर टीएफडब्ल्यूएसचा कोड लिहा, आणि खाली साधा कोड लिहायला विसरू नका.

एवढं करून फॉर्म नुसता सेव्ह करून ठेवू नका. कन्फर्म करा, प्रिंट काढा आणि पहिल्या दहा ओळींतले कोड बोट ठेवून कॉलेजच्या नावाशी जुळवून बघा.